पावसाळ्यानंतर हिरवागार झालेला जलतरण तलाव : उपसावा की सुधारावा?

ओसरीवरचा (धागाकर्ता), १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. कर्जतजवळच्या एका गावात आम्ही ऑगस्टमध्ये जुना बंगला विकत घेतला. त्याच्यासोबत ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा एक जलतरण तलावही पदरात पडला. त्याची खोली एका टोकाला १.१ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.७ मीटर आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने त्यात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. आधीच्या मालकांनी मे महिन्यापासून पंप लावलेला नव्हता, असे शेजारी सांगतात. पाणी सध्या पालकाच्या पातळ भाजीसारखे दिसते. पायऱ्यांपैकी दुसरी पायरी अंधूक दिसते आणि तिसरी दिसतच नाही. सप्टेंबरमध्ये आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्यांसाठी त्यात गप्पी मासे सोडून गेले होते. ते मासे आणि बेडकांची असंख्य पिल्ले आम्ही जाळीने काढून विहिरीशेजारच्या जुन्या हौदात हलवली आणि मगच औषधाला हात घातला.

औषध म्हणजे ग्रामपंचायतीत विहिरीसाठी वापरतात ते टीसीएल. मी ३ किलो पावडर सकाळी अकराच्या सुमारास चारही बाजूंनी पसरली. पाणी दुधाळ झाले, दुपारी क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीच्या बाटलीत पिवळा रंगही आला; पण संध्याकाळी तो रंग नाहीसा झाला आणि चौथ्या दिवशी पाणी पुन्हा पूर्वीइतकेच हिरवे झाले. आता गावातले एक अनुभवी गृहस्थ म्हणतात की, मोरचूद टाका. दुसरे म्हणतात की, सगळे पाणी उपसून तलाव घासून घ्या आणि १०,००० लिटरचे पाच टँकर मागवा. वाळूची गाळणी आणि १ अश्वशक्तीचा पंप चालू स्थितीत आहेत. काय करावे?

कातळकडा

काहीही करा, पण ऑक्टोबरमध्ये तलाव रिकामा करू नका. तुमच्या विहिरीत पाणी किती खाली आहे, ते आधी पाहा. ते तलावाच्या तळापेक्षा वर असेल, तर तलावाभोवतीच्या जमिनीतही पाणी साधारण त्याच पातळीला उभे असते आणि ते तलावाच्या तळाला खालून वर ढकलत असते. आतले ४५ टन पाणी तो दाब तोलून धरते. ते काढले की तळ फुगतो, फरशा उखडतात आणि हलका फायबरचा तलाव असेल तर तो अख्खाच जमिनीतून वर येऊ शकतो. अलिबागकडे माझ्या एका आप्तांनी नारळी पौर्णिमेच्या आसपास तलाव उपसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या मधोमध फरशीला परातीएवढा उंचवटा आला होता आणि त्याच्या कडेच्या भेगेतून झरा फुटावा तसे स्वच्छ पाणी वर येत होते. हिरवे पाणी सुधारता येते, फुटलेला तळ सुधारायला मात्र गवंडी, जलरोधक थर, फरश्या असे सगळेच नव्याने करावे लागते. फारच गरज पडली तर मे महिन्यात उपसा, तेही भूजल खाली गेल्याची खात्री करून.

ओसरीवरचा

विहिरीत डोकावून आलो. पाणी काठापासून जेमतेम दोन हात खाली आहे. उपसण्याचा बेत रद्द केला. मनःपूर्वक आभार.

नीरक्षीर

उपसणे टळले, हे उत्तमच झाले. पण मला आपल्या तलावात वेगळीच शंका येते. आधीचे मालक क्लोरीनच्या गोळ्या वापरत होते का? त्या टीसीसीएच्या गोळ्या असतात. त्यांच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. क्लोरीन खर्च होऊन जातो, हे आम्ल मात्र मागे साठत राहते. दर १० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम आम्ल वाढते. थोडे असेल तर ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, पण शंभराच्या पुढे गेले की क्लोरीनला असे काही धरून ठेवते की तो मोजणीत दिसतो आणि शेवाळ मात्र मजेत वाढत राहते. सोलापूरला आमच्या सोसायटीच्या तलावात नेमके हेच झाले होते. तिथे पाऊस तुटपुंजा, पाणी टँकरचे, त्यामुळे कोणी ते बदलत नव्हते आणि गोळ्या मात्र वर्षभर तरंगत होत्या. शेवटी अर्धे पाणी बदलावे लागले. आपण टीसीसीए टाकून उपयोग झाला नाही असे लिहिले आहे, त्यावरून मला तरी हेच निदान वाटते.

ओसरीवरचा

क्षमस्व, मी टाकले ते टीसीएल, म्हणजे आपली साधी ब्लीचिंग पावडर. टीसीसीए नव्हे. मात्र पंपघरात एका निळ्या बादलीत पांढऱ्या गोळ्या आणि एक तरंगते भांडे सापडले आहे, त्यामुळे आधीचे मालक गोळ्या वापरत असावेत. मी उरलेली ब्लीचिंग पावडरही त्याच फळीवर ठेवली आहे.

गाळणी

पंधरा वर्षे तलावांच्या देखभालीचे काम केले आहे, म्हणून जरा अधिकारवाणीने लिहितो. हे वाचून झाल्यावर आधी उठून ती पावडर त्या फळीवरून हलवा. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली आणि त्यात थोडा ओलावा शिरला, तर विषारी वायू सुटतो, मिश्रण पेट घेते आणि बंद भांड्यात स्फोटही होतो. त्यामुळे गोळ्यांच्या तरंगत्या भांड्यात पावडर कधीही भरायची नाही, दोन्हींसाठी एकच मापटेही वापरायचे नाही आणि आम्लाचा कॅन तर तिसऱ्याच जागी ठेवायचा. औषध नेहमी पाण्यात टाकायचे, औषधावर पाणी ओतायचे नाही.

आता निदानाबद्दल. नीरक्षीर यांनी सांगितलेले सोलापूरचे दुखणे खरे आहे, पण कर्जतच्या उघड्या तलावाला ते ऑक्टोबरमध्ये असेल असे मला वाटत नाही. तिथे एका पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या तलावाची सरासरी खोली १,४०० मिलिमीटर. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये तलावाच्या खोलीच्या दुपटीहून जास्त पाणी वरून पडले आणि तेवढेच काठावरून वाहून गेले. पडणारे पाणी मिसळत मिसळत बाहेर जाते असे धरले, तर जुन्या पाण्यातले जेमतेम आठवा-दहावा हिस्सा मागे उरते. मे महिन्यात १०० पीपीएम सायन्युरिक आम्ल असले, तरी आता ते १०-१२ च्या पुढे नसणार.

आणि ते नसल्यामुळेच तुमचे टीसीएल वाया गेले. उघड्या उन्हात, संरक्षण नसलेला क्लोरीन पाऊण-एक तासात निम्मा होतो. अकरा वाजता टाकलेली पावडर दोन वाजेपर्यंत बहुतेक उन्हानेच खाल्ली. शेवाळाच्या वाट्याला फार थोडी आली. शिवाय पावडरीतल्या चुन्याने पाण्याचा पीएच वाढवला, तो वेगळाच. शेवाळ स्वतःही पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच वर नेत असते. पीएच ८.२ असेल तर क्लोरीनच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग जोमदार रूपात असतो. ७.२ ला तोच भाग दोन-तृतीयांशाच्या आसपास जातो. पण माझ्या हिशेबावरही विसंबू नका. सायन्युरिक आम्ल मोजता येते, तेव्हा ते मोजा आणि मगच पुढचे औषध ठरवा.

शेवंती

मी न्यू जर्सीत राहते. इथे सप्टेंबरमध्ये तलावावर आच्छादन घालून तो बंद करतात आणि मे महिन्यात उघडतात, तेव्हा अनेकांना हेच हिरवे दर्शन घडते. गाळणी यांच्या मताशी मी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडते. बेवारस पडलेल्या पाण्यात काही जिवाणू सायन्युरिक आम्ल खाऊन त्याचा अमोनिया करतात. तसे झाले असेल तर आम्ल शून्य निघते आणि क्लोरीन उन्हाविनाही अर्ध्या तासात गडप होतो.

हे घरच्या बादलीत तपासता येते. तलावाचे बरोबर १० लिटर पाणी बादलीत घ्या. त्यात सुईविना सिरिंजने १० टक्क्यांचे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट १ मिलिलिटर टाकून ढवळा. त्यामुळे १० पीपीएम क्लोरीन होतो. बादली घरात झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाने मोजा. निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर अमोनियाची चिंता नको. जवळजवळ काहीच उरले नाही, तर मात्र क्लोरीन खूप लागणार हे धरून चाला. हे मोजायला ओटी चालत नाही, कारण ओटीचा पिवळा रंग मुक्त आणि बांधलेला (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) असा दोन्ही क्लोरीन एकत्र दाखवतो. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी हवी, आणि ती थेंब मोजून रंग उडवण्याच्या प्रकारातली असेल तर फारच बरे.

ओसरीवरचा, १९ ऑक्टोबर

पुण्याहून चाचणीची पेटी आली. हिरव्या पाण्यात रंग ओळखणे अवघड, म्हणून कॉफीच्या गाळणकागदातून पाणी दोनदा गाळून घेतले. पीएच ८.२ निघाला. सायन्युरिक आम्लासाठी नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. औषध मिसळलेले पाणी नळीत ओतत जायचे आणि ठिपका दिसेनासा झाला की पातळी वाचायची. माझी नळी काठोकाठ भरली, तरी ठिपका माझ्याकडे टक लावून पाहतच होता. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गाळणी यांचे अनुमान बरोबर ठरले. बादलीत अर्ध्या तासाने १० पैकी ६ पीपीएम उरले.

नीरक्षीर

माझे निदान मागे घेतो. माझ्या अनुभवातला पाऊस आणि आपला पाऊस यांत एवढा फरक पडेल, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

गाळणी

उत्तम. आता क्रम सांगतो. पहिले दोन दिवस औषध नाही. लांब दांड्याच्या जाळीने तळाचा पालापाचोळा काढा. तळ दिसत नसला, तरी अंदाजाने जाळी फिरवत राहा. कुजणारे एक टोपले पान जेवढा क्लोरीन खाते, तेवढ्यात पाण्यातले बरेच शेवाळ मरते. कोणीही पाण्यात उतरायचे नाही, मुलांनी तर काठाशीही एकटे जायचे नाही, कारण या पाण्यात बुडालेला माणूस वरून दिसत नाही. पाण्याखालचा दिवा असेल तर वायरमनकडून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच तपासून घेईपर्यंत तो बंद ठेवा.

मग पीएच ७.२ वर आणा. हायड्रोक्लोरिक आम्ल एका वेळी अर्धा लिटरच, पंप चालू असताना, खोल बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून टाका. तासाभराने मोजून पुढचे टाका. त्यानंतर क्लोरीन, आणि तो नेहमी सूर्यास्तानंतर. पहिल्या तीन रात्री एसडीआयसी हे दाणेदार औषध वापरा. त्याच्यातून दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्युरिक आम्ल मिळते, म्हणजे तुमच्याकडे जे उणे आहे तेही भरून निघते. ५६ टक्क्यांचे ८०० ग्रॅम औषध तुमच्या तलावात १० पीपीएम क्लोरीन करते. तीन रात्रींत आम्ल २७ च्या आसपास येईल, तिथे थांबा आणि पुढे द्रवरूप हायपोक्लोराइट वापरा. या टप्प्यावर क्लोरीन ११-१२ पीपीएमच्या आसपास टिकवायचा असतो, म्हणजे आम्लाच्या सुमारे ४० टक्के. एकदा भरपूर टाकून आठवडाभर वाट पाहणे हीच बहुतेकांची चूक असते. पातळी खाली गेली की शेवाळ पुन्हा डोके वर काढते. रोज भिंती, पायऱ्या आणि कोपरे ब्रशने घासा, पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

द्राक्षबाग

मी नाशिकचा. मोरचूद आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, बोर्डो मिश्रणाशिवाय (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीशिवाय) आमचा हंगाम जात नाही. शेवाळ मोरचुदाने मरते, यात शंका नाही. पण त्यातले तांबे पाण्यातून जात नाही. ते फरशीच्या सांध्यांत निळे-काळे डाग पाडते आणि पिकलेल्या केसांना हिरवी झाक आणते. आमच्या आत्याबाईंनी एका लग्नाच्या आधी तो प्रसाद घेतला होता आणि फोटोंत तो कायमचा राहिला आहे. शिवाय गाळणी उलट धुताना ते पाणी शेवटी कोणाच्या तरी शेतात किंवा ओढ्यात जाते, आणि तांबे माशांना फार घातक असते. तुरटीचे मात्र मी समर्थन करतो. ४५ हजार लिटरला दोन किलो तुरटी विरघळवून टाकली, पंप बंद ठेवला, की एका रात्रीत सगळा गाळ तळाशी बसतो.

गाळणी

तुरटीबद्दल मतभेद नाही, पण अट मोठी आहे. तळाशी बसलेला तो गाळ वाळूच्या गाळणीतून नेला, तर वाळूचे ढेकूळ होते. तो गाळ, गाळणीवरचा पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून, थेट बाहेर ओढावा लागतो आणि त्यात चार-पाच हजार लिटर पाणी जाते. शिवाय शेवाळ जिवंत असताना तुरटी टाकणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. आधी मारा, मग निवळा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायला विसरू नका. चालू पंपावर फिरवला की आतले रबर फाटते.

ओसरीवरचा

ते रबर आधीच फाटलेले आहे. ‘फिल्टर’वर असतानाही बाहेरच्या नळातून पाण्याची करंगळीएवढी धार चालू असते. त्यामुळे तुरटीचा विचार सोडून दिला आणि रबर मागवले.

ओसरीवरचा, २८ ऑक्टोबर

सविस्तर वृत्तान्त देतो. जाळीने दोन दिवसांत चौदा टोपली पाला निघाला. त्यातला निम्मा शेजारच्या आंब्याचा होता आणि तळचा थर इतका काळा होता की, हातमोजे घालूनही तो वास दोन दिवस गेला नाही. पीएच ७.२ वर यायला एकूण सव्वा लिटर आम्ल लागले.

पहिल्या रात्री ८०० ग्रॅम औषध टाकले, पहाटे मोजले तर १ पीपीएम उरला होता. दुसऱ्या पहाटे ३ आणि तिसऱ्या पहाटे साडेपाच. रंग मात्र तिसऱ्या सकाळी एका रात्रीत बदलला. हिरवेपणा गेला आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा राखाडी-निळसर गढूळपणा आला. घरच्यांना वाटले, आता अधिकच बिघडले. मी हा धागा त्यांना वाचायला दिला.

त्यानंतरचे पाच दिवस सर्वांत कंटाळवाणे गेले. गाळणीचा दाबमापक स्वच्छ असताना ०.६ बार दाखवतो, तो दोन-तीन तासांत १.१ वर जायचा. मग पंप बंद, बॅकवॉश, काचेच्या डोळ्यात पाणी नितळ दिसेपर्यंत थांबणे, थोडे रिन्स, पुन्हा फिल्टर. दिवसातून चार वेळा. त्या काचेतून पहिली दहा सेकंदे वाटलेल्या पुदिन्याच्या चटणीसारखे काही तरी जात असते. ते पाहण्यात विलक्षण समाधान आहे, हे कबूल करतो. आसपास भातकापणी चालू असल्यामुळे ते पाणी शेताकडे जाऊ न देता मागे खड्डा खणून त्यात सोडले. वीज दिवसाला २२ ते २४ युनिट लागली. दोन वेळा रात्री वीज गेली, तेव्हा बादलीने पाणी ढवळावे काय, अशा वेड्या विचारापर्यंत मी पोहोचलो होतो.

चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी द्रवरूप औषध. १० टक्क्यांचे ५ लिटर म्हणजे ११ पीपीएम, पण जेवढी घट असेल तेवढेच टाकत गेलो. सहाव्या दिवशी तिसरी पायरी दिसली. नवव्या दिवशी सर्वांत खोल भागातल्या जाळीच्या झाकणाचे चारही स्क्रू मोजता आले, आणि त्यांपैकी एक नाही हेही तेव्हाच कळले. काल रात्रीत क्लोरीन फक्त अर्धा पीपीएम घटला. तळाशी स्टीलचे दोन पेले, एक चष्मा आणि क्रिकेटचे सात चेंडू होते.

शेवंती

अभिनंदन. रात्रभराची घट १ पीपीएमच्या आत, बांधलेला क्लोरीन अर्ध्या पीपीएमपर्यंत आणि पाणी नितळ, या तिन्ही गोष्टी जुळल्या की औषधाची पातळी उतरू द्यायला हरकत नाही. पोहण्याआधी ती ४ पीपीएमच्या आसपास येऊ द्या. आणि तो चौथा स्क्रू बसवल्याशिवाय कोणालाही पाण्यात सोडू नका. सैल झाकण निघाले तर तळाच्या छिद्राची ओढ लहान मुलाचा हात किंवा केस धरून ठेवू शकते.

ओसरीवरचा

स्क्रू उद्या बसेल, पाणबुड्या चष्मा लावून भाचा उतरायला आतुर आहे, पण पंप बंद करूनच उतरवेन. एक शेवटची शंका. पायऱ्यांच्या सांध्यांत मोहरीएवढे काळे ठिपके राहिले आहेत. नायलॉनच्या ब्रशने ते हलत नाहीत.

गाळणी

ते काळे शेवाळ. त्याच्यावर चिकट आवरण असते आणि मुळासारखे धागे सांध्यात शिरलेले असतात, म्हणून पाण्यातला क्लोरीन आतपर्यंत पोहोचत नाही. तुमच्या फरश्या सिमेंटवर बसवलेल्या आहेत, तेव्हा स्टेनलेस तारेचा छोटा ब्रश चालेल. फायबरवर तो चालत नाही. ठिपक्याचा माथा खरवडून काढा आणि त्या संध्याकाळी क्लोरीन पुन्हा १२ वर न्या. असे आठवडाभर करा. भाच्याला मात्र तोवर चेंडूंशीच खेळू द्या.